ताडपत्री वापस पायजे

विहिरीतून बाई काढायची असली की मला बोलावणं यायचं. पुरुष असला तर जमादार आणि एखादा शिपाई जाऊन यायचे. बाई असली की बाई पोलीस लागते, आणि आमच्या ठाण्यात बरीच वर्षं बाई पोलीस म्हणजे मी एकटीच होते. पद्धत बरोबरच आहे. मेलेल्या बाईच्या अंगावरचे कपडे, दागिने, खुणा बाईनंच बघाव्यात. फक्त ते बघून आल्यावर त्या बाई पोलिसानं घरी जाऊन भाकरी कशी थापायची, याचा विचार कुणी केलेला नाही.

माझं माहेर वालूरकडचं. घरी कापूस, तूर आणि घरापुरती ज्वारी. भरतीचं पत्र आलं तेव्हा वडील म्हणाले, "पोलिसात जायलीस तर डोळे उघडे ठेव आन् तोंड बंद." मी दोन्ही पाळलं. पुढे लग्न झालं, नवरा जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर, आणि माझी बदली गोदावरीच्या बाजूच्या एका तालुक्याच्या ठाण्याला झाली. मुलगी तेव्हा तिसरीत होती. सांगते ती गोष्ट त्या वर्षीची.

सोयाबीन निघायचे दिवस होते. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. एका गावातून फोन आला की शेतातल्या विहिरीत बाई वर आली आहे. दोन-तीन दिवसांपासून घरातून गेलेली, वय फार नव्हतं. पाण्याला गेली आणि पाय घसरला, असं घरचे म्हणत होते. तपासात पुढे काय निघालं ते मला माहीत आहे, पण ते तिचं आहे. ते मी इथे लिहिणार नाही.

आम्ही पोचलो तेव्हा विहिरीला जत्रा भरली होती. मोटारीच्या खोलीच्या पत्र्यावर पोरं चढून बसलेली. कठड्याशी माणसाला माणूस चिकटलेला, आणि प्रत्येक हातात फोन. नदीकडच्या एका माणसाला आम्ही अशा कामाला बोलवायचो. तो उतरायच्या आधी जमादारानं त्याला आडोशाला नेऊन बाटली दिली. त्याशिवाय तो उतरत नसे, आणि मी त्याला दोष देत नाही. तो दोराला धरून खाली गेला. वरून एकानं गुटख्याची पिचकारी मारली ती थेट विहिरीत.

खालून आवाज आला, "आरं, खाली माणूस हाय!"

वर लोक हसले. मी त्या हसणाऱ्यांची तोंडं बघितली. लाल, ओली, उघडी तोंडं. ती तोंडं मला त्या बाईपेक्षा जास्त आठवतात.

विहिरीत बाज सोडली. चारी पायांना दोर बांधून बाज खाली सोडतात, त्यावर देह ठेवतात आणि वर ओढतात. वर आली तेव्हा कळलं की तिचं लुगडं पाण्यातच सुटून गेलं होतं. बाज जमिनीला टेकली आणि रिंगण आत सरकलं. मी हात पसरून उभी राहिले. वर्दीतली एक बाई किती आडोसा करणार?

"कापड आणा," मी ओरडले. "चादर, धोतर, काहीही आणा."

कुणी हललं नाही. जमादार गर्दीला मागं सारत होता, पण गर्दी त्याच्या काखेखालून फोन पुढे करत होती. मी रुग्णवाहिकेच्या चालकाला तिथं उभं केलं. तो आला होता खरा, पण त्याची गाडी बांधावरून पुढे येत नव्हती आणि चादर गाडीत, लांब राहिली होती. तो दोन्ही हात पसरून पाठमोरा उभा राहिला, आणि मी जवळच्या घराकडे पळाले.

मोठं घर होतं, लोखंडी फाटकाचं. ओसरीत एक म्हातारी बसली होती. मी म्हटलं, "आजी, एखादं जुनं लुगडं द्या, बाईला झाकायला."

ती म्हणाली, "घरी पूजा हाय बाई. इटाळ नको."

"वापस नाही आणायचं. फाटकं द्या."

"फाटकं न्हाई आमच्यात."

दुसऱ्या घरी दार अर्धं उघडलं, बाईनं ऐकून घेतलं आणि दार लावलं. आत कडी घातल्याचा आवाज आला. तिसऱ्या दारापर्यंत जायच्या आत मागून पांढऱ्या कपड्यांतला एक गृहस्थ आला. गावात मान असलेला माणूस, चालण्यावरूनच कळत होतं. त्याच्या हातात निळी ताडपत्री होती. मला वाटलं, चला, एक तरी माणूस निघाला.

त्यानं ताडपत्री माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "घ्या मॅडम, झाका. पन ताडपत्री वापस पायजे. सोयाबीन उघडं पडलंय."

मी वर बघितलं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

मी तिला झाकलं. पंचनामा झाला. जे बघायचं होतं ते मी ताडपत्रीच्या आत डोकं घालून बघितलं. आत ऊन कोंडलेलं आणि तो वास. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही. ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी घेतला नाही त्यांनी मजा म्हणून तरी का घ्यावा?

दवाखान्यात शवागाराच्या दाराशी आम्ही उतरलो, तर मागून मोटारसायकल आली. त्या गृहस्थानं माणूस पाठवला होता. देह आत गेल्याबरोबर त्यानं ताडपत्री ओढून घेतली, तिथल्याच नळाखाली खळखळ धुतली, घडी घालून गाडीला बांधली. मी विचारलं, "आता ही कशावर टाकणार?"

तो म्हणाला, "रास हाय ना मॅडम. सोयाबीनची."

मोटारसायकल गेली.  रुग्णवाहिकेचा चालक बाजूला जाऊन ओकला. इतकी वर्षं हेच काम करणारा माणूस त्या बाईला बघून ओकला नव्हता.

घरी आल्यावर मी अंगणातल्या नळाखाली हात धुतले. साबणानं धुतले, मग लिंबानं, मग शेजारच्या चुलीतली राख मागून आणली, राखेनं धुतले. वास हाताला नव्हताच, हे आता कळतं. संध्याकाळी भाकरी करायला बसले. ज्वारीच्या पिठात गरम पाणी घातलं, मळायला हात घातला, आणि ओलं मऊ पीठ बोटांना चिकटलं. मी परात ढकलून मोरीकडे पळाले.

त्यानंतर घरात भाकरी झाली नाही. नवरा खानावळीतून आणायचा. भिजवलेली मटकी चालेना, पोहे चालेनात. पाण्यात राहून मऊ झालेलं काहीही डोळ्यांना सहन होईना. ठाण्यात सकाळी पोह्यांचा डबा उघडला की मी बाहेर जाऊन उभी राहायची. रविवारी मुलगी न्हाऊन यायची, पाठीवर ओले काळे केस, आणि मी फणी नवऱ्याकडे द्यायची. त्याला वेणी येत नसे. पोरगी वाकड्या भांगानं शाळेत जायला लागली.

एकदा ती म्हणाली, "आई, माझ्या केसांत उवा झाल्यात का?"

"नाही गं. का?"

"मग तू कामून हात लावत न्हाईस?"

 तोंड बंद ठेवायची सवय घरातही चालू राहिली.

नवरा वाईट माणूस नाही. तो म्हणायचा, "अगं, तू जास्तीच मनाला लावून घेतीस. बदली माग." सासूबाई महादेवाच्या देवळातलं भस्म घेऊन आल्या. माझा कशावर फार विश्वास होता असं नाही, पण त्यांनी ते कपाळाला लावलं तेव्हा बरं वाटलं. निदान कुणीतरी न घाबरता हात लावत होतं.

मग एक दिवस दाजींचा, वालूरलाच दिलेल्या माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा, फोनवर संदेश आला. फोटो होता. विहीर, बाज, अर्धवट झाकलेली ती, आणि बाजूला वाकलेली मी, ताडपत्रीचं टोक धरून. वर कुणीतरी गुलाबाची फुलं आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" असं चिकटवलं होतं. खाली दाजींनी लिहिलं होतं, "ही तुमीच का?" आणि पुढे हसरं तोंड.

ती बाई वालूरपर्यंत पोचली होती. कुठल्या कुठल्या गावांतून, किती लोकांच्या जेवणाच्या ताटाशेजारून, देव जाणे. तिला झाकायला गावानं एक फाटकं लुगडं दिलं नाही, पण बघितलं सगळ्यांनी. फुलं लावून बघितलं. मी दाजींना फोन केला आणि सांगितलं, "ते काढून टाका, नाहीतर मी तुमच्यावर गुन्हा दाखल करीन." बहीण त्यानंतर बरेच महिने बोलली नाही. बोलली नाही तर नाही. मला त्या हसऱ्या तोंडाचीही किळस आली होती, आणि मी ती लपवली नाही.

त्याच हिवाळ्यात परभणीला एका मंगल कार्यालयात आमच्यासाठी तणावमुक्तीची कार्यशाळा ठेवली. पोलीस, अग्निशमनवाले, रुग्णवाहिकेवाले, सगळ्यांना गाड्या भरून आणलं. लग्नाच्या पडद्यांवर अजून कुणाकुणाची नावं थर्माकोलची तशीच होती, त्यावर आमचा फलक लावलेला. दीपप्रज्वलन झालं. साहेबांचा सत्कार, पाहुण्यांचा सत्कार, पाहुण्यांच्या सोबत आलेल्यांचा सत्कार. शाली-नारळ संपेपर्यंत ऊन डोक्यावर आलं. ज्यांच्यासाठी हे सगळं, ते आम्ही मागच्या खुर्च्यांवर ताटकळत.

मग वक्ता उठला. पुण्याकडून आलेला, गालापर्यंत आलेला बारीक माईक, पायात पांढरे बूट. आधी त्यानं आम्हाला जोरजोरात हसायला लावलं. मग प्रत्येकाला एक फुगा वाटला.

"या फुग्यात तुमचं दुःख भरा," तो म्हणाला. "भरा, भरा, अजून भरा. आणि मी तीन म्हटलं की फोडून टाका. दुःख खल्लास!"

सभागृहभर फुगे फुटले. गोळीबार झाल्यासारखा आवाज झाला. माझ्या पुढच्या रांगेत अग्निशमनचा एक वयस्कर माणूस होता, तो खुर्च्यांच्या मधे खाली बसला, दोन्ही हात डोक्यावर घेऊन. सिलिंडर फुटलेल्या कुठल्यातरी घरात तो होता, हे मला नंतर कळलं. वक्त्यानं त्याला बघितलं आणि माईकवर म्हणाला, "अरे, काका घाबरले! टाळ्या काकांसाठी!" टाळ्या वाजल्या. तो माणूस उठून खुर्चीवर बसला आणि त्यानं हसून दाखवलं. ते हसणं बघवलं नाही.

मग वक्त्याला बाई पाहिजे होती. "आता आपली एखादी रणरागिणी पुढे येईल आणि आपला चित्तथरारक अनुभव सांगेल!" साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. मी गेले. माईक हातात घेतला आणि ठरवलं नव्हतं तरी सरळ सांगायला लागले. की विहीर होती, बाई होती, गाव होतं, आणि गावानं कापड दिलं नाही. ताडपत्री आली तीही उसनी, आणि ती परत सोयाबीनवर गेली. ते सोयाबीन बाजारात विकलं गेलं असेल, त्याचं तेल कुणीतरी...

माईक माझ्या हातातून गेला. वक्ता हसत होता. "पॉझिटिव्ह, ताई, पॉझिटिव्ह! निगेटिव्ह सगळं गेटच्या बाहेर! बसा. टाळ्या ताईंसाठी!"

मी मंचावरून उतरताना तो माझ्या कानाशी म्हणाला, "ते विहिरीचं नंतर मला नीट सांगा हं. माझ्या चॅनलसाठी चांगलं आहे."

जेवणात पुरी-बासुंदी होती. मी हात धुवायच्या बेसिनशी गेले. तिथे तोच रुग्णवाहिकेचा चालक उभा होता. त्यानं फुगा फोडला नव्हता. हवा सोडून, घडी घालून खिशात ठेवला होता.

"पोरीला नेतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "मॅडम, तुमी बोललात ते बरं केलं. मी येलदरीचा. आमच्या घरी धरणाचे मासे, लहानपणापासून तेच खाल्लं. गेल्या पावसाळ्यापासून मला मासा बघवत न्हाई. घरचे इचारायलेत, माळ घातली का काय?"

मी हसले. त्या दिवसातलं ते एकच खरं हसू.

तो म्हणाला, "जिल्ह्याच्या दवाखान्यात एक मॅडम बसत्यात. मी जायलोय. ह्या फुग्यावाल्यासारखं न्हाई ते. कुनाला सांगू नका."

मी गेले. ठाण्याचे कागद द्यायला जाते असं सांगून गेले. खोली जिन्याखाली होती, अर्ध्या खोलीत गाद्यांची चळत रचलेली, भिंतीवर कुटुंबनियोजनाचं चित्र. समुपदेशक बाई माझ्यापेक्षा लहान होती, कंत्राटावर लागलेली. तिनं मला विहिरीबद्दल विचारलं नाही. विचारलं, "आज जेवलात का ताई?"

"नाही."

"काल?"

मी भिंतीवरच्या चित्राकडे बघितलं. ती मान हलवत राहिली. खरं सांगायचं तर मला तिचाही राग आला. ती मऊ मान हलवणं मला फुग्यासारखंच वाटलं. मी म्हटलं, "तुम्ही कधी गेलात का विहिरीवर? तुम्हाला काय कळणार?"

ती म्हणाली, "नाही गेले. कळतं असं मी म्हणणारही नाही. तुम्हाला कशाची किळस येते ते तेवढं सांगा. पाण्याची येते, की माणसांची?"

असं कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले आणि थांबेना. पिचकारी मारणारा. पत्र्यावरची पोरं. फाटकं नसलेली म्हातारी. कडी घालणारी बाई. पांढऱ्या कपड्यांतला तो. नळाखाली ताडपत्री धुणारा. फुलं चिकटवणारा. दाजी. पांढऱ्या बुटांचा वक्ता. बाटली दिल्याशिवाय माणूस उतरत नाही हे माहीत असून वर्षानुवर्षं बाटलीच देणारे आम्ही. बोलता बोलता मला रडू येईल असं वाटलं होतं, पण रडू आलं नाही. दात आवळले गेले. जबडा दुखायला लागला.

तिनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "यातली माणसांची किळस मी घालवू शकत नाही. आणि ती घालवावी असं मला वाटतही नाही. ती बाई मेली होती, ती तुमचं काही बिघडवत नव्हती. तिची किळस आणि त्यांची किळस तुमच्यात एक झालीय. आपण ती वेगळी करू. पाण्याची, पिठाची तेवढी घालवायचा प्रयत्न करू."

हे एका दिवसात झालं नाही. मी महिन्यातून काही वेळा जायची. ती एका वाटीत पाणी ठेवायची, मी बोटं बुडवायची आणि काय होतंय ते बोलायची. छातीत धडधड, घशाशी आंबट, हात ओढून घ्यावासा वाटतो. ती म्हणायची, थांबा, ओढू नका, उतरेल. कधी उतरायचं, कधी नाही. मग वाटीत चिमूटभर पीठ आलं. एकदा मी वाटी भिंतीवर फेकली. तिनं ओल्या फडक्यानं भिंत पुसली आणि म्हणाली, "आज एवढंच." संक्रांतीच्या पुढे कधीतरी मी मुलीची वेणी घातली. केस वाळलेले होते, ओले नव्हते. तरी घातली. नवऱ्यानं चहा करून आणला.

ठाण्यात मात्र कळलंच. जमादारानं मला दवाखान्याच्या जिन्याखालून निघताना बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "काय मॅडम, गोळ्या चालू झाल्या का?" कुणीतरी मागून म्हणालं, "जपून रे, मॅडमच्या हातात बंदूक देऊ नका." सगळे हसले. तशीच तोंडं.

साहेबांनी बोलावलं. आवाज फार मऊ केला होता. म्हणाले, "तुम्हाला थोडा आराम देऊ. बंदोबस्त नको, नाकाबंदी नको. टेबलावर बसा." मी म्हटलं, "आणि विहिरी?" ते कागद सरकवत म्हणाले, "विहिरींना दुसरं कोण आहे आपल्याकडे?"

म्हणजे जिवंत माणसांत उभं राहायला माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, पण मेलेल्या बाईला ते चालण्यासारखं होतं. मी "जी साहेब" म्हणून बाहेर आले आणि पाणी प्यायले. तोंडाची चव गेली नाही.

उन्हाळ्यात पुन्हा बोलावणं आलं. नदीकाठचं गाव, एक वयस्कर बाई, कपडे धुताना डोहात गेलेली. या वेळी मी बाजारातून दोन जाड चादरी घेऊन जीपमध्ये आधीच ठेवल्या होत्या. पोचल्याबरोबर मी पाण्याकडे बघितलंच नाही, गर्दीकडे तोंड करून उभी राहिले. सगळ्यात पुढे एक तरणा माणूस फोन धरून होता.

"फोन खाली."

"कामून? लोकशाही हाय."

मी त्याच्या हातातून फोन घेतला. "यात पुरावा आहे. जप्त. परत पाहिजे असेल तर कोर्टात ये आणि सांग की तू हे कशासाठी काढत होतास. तुझ्या आईसमोर सांग."

तो लाल झाला. फोन जप्त करण्याइतकं प्रकरण नव्हतं हे मला माहीत होतं, जमादारालाही माहीत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता हा बोलणार. पण तो गर्दीकडे वळला आणि दंडुका आडवा धरून ओरडला, "मागं व्हा! सगळ्यांचे फोन खिशात!" बाया-माणसं मागं सरली. देह वर आला तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं. मी चादर टाकली. मग मी तिच्या चेहऱ्यावरचे ओले केस बाजूला केले. ती कुणाच्या तरी आजीसारखी दिसत होती. मला तिची किळस आली नाही. त्या तरण्याचा फोन मी जीपमध्ये ठेवला होता, आणि परत देताना तो दोन बोटांत धरूनच दिला.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या समुपदेशक बाईचं कंत्राट संपलं. पुढे वाढवलं नाही. मी गेले तर खोलीला कुलूप. शिपायाला विचारलं, तो म्हणाला, "त्या गेल्या. आता गाद्याच हायेत तिथं." नंतर कळलं की नांदेडला तिला दुसरं काम मिळालंय. रुग्णवाहिकेचा चालक बसनं दोनदा जाऊन आला. मला सुट्टी मिळत नाही. आम्ही भेटलो की दवाखान्याच्या बाहेरच्या हॉटेलात चहा घेतो, आणि तो विचारतो, "मॅडम, जेवायलात का?" कधी हो म्हणते, कधी नाही.

आणि मग पुन्हा कार्यशाळेचं पत्र आलं. तेच मंगल कार्यालय, तोच वक्ता. साहेबांनी बोलावून सांगितलं, "या वेळी तुम्ही बोलायचं. तुमची यशोगाथा. आपल्या ठाण्यानं तुम्हाला कसा आधार दिला ते."

मी विचारलं, "कोणता आधार, साहेब?"

"तुम्हाला हलकी ड्युटी दिली नाही का?"

"मी येणार नाही."

"कारण?"

"किळस येते."

 ते चिडतील असं वाटलं, पण त्यांना बहुतेक तो शब्द कसा घ्यावा ते कळेना. आजारपण म्हणून घ्यावा की उर्मटपणा? शेवटी म्हणाले, "तब्येत बरी नसेल तर तसं सांगा."

"तब्येत बरी आहे."

"मग बंदोबस्त घ्या. सोनपेठचा बाजार." शिक्षा म्हणून दिला होता तो. उन्हात दिवसभर उभं राहायचं, एसटी आणि बैलगाड्या आणि टमटम यांच्या मधे शिट्टी फुंकत.

मी गेले. दुपारी शेळ्यांच्या बाजारात भांडण लागलं. दोन माणसं एकाच शेळीचं दावं दोन बाजूंनी ओढत होती. एक म्हणत होता इसार दिलाय, दुसरा म्हणत होता शेळी बदलली. शेळी मधे उभी राहून कुणाच्या तरी पिशवीतली मेथी खात होती. आजूबाजूला लोक जमले होते, पण ते सल्ले देत होते, फोन कुणाच्या हातात नव्हता. मी आत शिरले आणि म्हटलं, "दावं सोडा आधी, दोघंही."

"मॅडम, ह्यानं सोडलं तर मी सोडतो."

"न्हाई, ह्यानं आधी."

"शेळी माझ्याकडे द्या," मी म्हटलं. दोघांनी दावं माझ्या हातात दिलं. मग मी एका फळीवर बसले, दोघांना समोर बसवलं, आणि पहिल्याला म्हटलं, "आता सांग. पहिल्यापासून सांग. मधे कुणी थांबवणार नाही."